न नेलेल्या तसबिरी

४ जुलै

नववी माझ्या गळ्यात पडली. नववीला इंग्रजी शिकवणाऱ्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि मुख्याध्यापकांनी मला बोलावून अत्यंत गोड आवाजात विचारलं, "तुमच्याशिवाय आहे कोण?" या प्रश्नाचं खरं उत्तर 'कुणीही' असं असतं. पण गोड आवाजात विचारलं की माणूस खरं बोलत नाही.

बारा वर्षं नववी टाळली होती. का टाळते ते स्टाफरूममध्ये सगळ्यांना माहीत आहे, म्हणून कुणी बोलत नाही. मुख्याध्यापक नवे आहेत, त्यांना माहीत नाही. कारण कुणी बोलत नाही.

मिरी नववीत असताना गेली. हे एकदा लिहून टाकलेलं बरं, नाहीतर वही त्याच्याभोवती गोल गोल फिरत बसेल. आठवडाभर ताप होता, मग नव्हता, आणि तीही नव्हती. आमची एकुलती एक. खरं नाव तिलाही आवडायचं नाही. लहान, काळी आणि झोंबणारी म्हणून मिरी.

९ जुलै

'माय बेस्ट फ्रेंड' या विषयावर निबंध लिहून घेतला. वह्या चाळीस, मित्र एक. तो उंच आहे, गोरा आहे, त्याचे वडील डॉक्टर आहेत आणि ही हेल्प्स द पुअर. या मुलाला चाळीस जिवलग मित्र आहेत आणि तो बिचारा गाइडच्या चौतिसाव्या पानावर एकटा राहतो.

वर्गात विचारलं, तुमच्या खऱ्या मित्राच्या चेहऱ्यावर तीळ कुठे आहे? शेजारी शेजारी बसणाऱ्यांना सांगता आलं नाही. पहिल्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "बाई, परीक्षेत तीळ विचारत नाहीत." म्हटलं, परीक्षेत काय काय विचारत नाहीत याची यादी केली तर आयुष्य म्हणतात ते तेवढंच उरेल. ती म्हणाली, "म्हणजे उत्तर नाहीये तुमच्याकडे." स्टाफरूममध्ये चौकशी केली. तिला वकीलबाई म्हणतात.

मान हलवताना तिची वेणी पुढे येते. मी खिडकीबाहेर बघत शिकवते.

१३ जुलै

या मुलांना बघायला शिकवलं पाहिजे. त्यासाठी चेहरे हवेत. सभागृहात देणगीदारांच्या तसबिरी आहेत, पण ते सगळे एकाच भावनेने बघतात: पावती मिळाली का?

चेहरे खरं तर घरातच आहेत. चित्रकाराचं दुकान यंदा बंद झालं आणि तिथला सगळा माल मिरीच्या खोलीत आला. चित्रकार म्हणजे माझा नवरा. त्याच्या तोंडावर मी त्याला काहीच म्हणत नाही, कारण तोंडावर आमचं बोलणं 'चहा ठेवलाय' आणि 'बरं' एवढ्यात आटोपतं. जन्मभर त्याने गेलेल्या माणसांच्या तसबिरी रंगवल्या. लोक ओळखपत्रावरचा एवढासा फोटो आणून देत, हा त्यावरून कमरेपर्यंतचा माणूस उभा करून देई. आता डोळ्यांचा पडदा मधोमध गेला. ज्याच्याकडे बघावं ते पुसलं जातं आणि कडेचं तेवढं दिसतं. कोंबडीसारखी मान वाकडी करून बघतो. चेहरा कुणाचाच दिसत नाही. माझा दिसत नाही याचं मला फार वाईट वाटत नाही, आणि त्याला वाटत असेल तर त्याने तसं सांगितलेलं नाही.

खोलीत उरलेल्या तसबिरी म्हणजे गिऱ्हाइकांनी न नेलेल्या. सगळ्या बायकांच्या आहेत. पुरुषांच्या तसबिरी लोक वेळेवर घेऊन जातात. बाईची तसबीर सोडवून आणायची वेळ आली की घरात चर्चा सुरू होते.

या घरात तसबीर नाही ती फक्त मिरीची. चित्रकाराच्या घरात स्वतःच्या मुलीचं एक चित्र नाही. चौथ्या दिवशी या माणसाने दुकान उघडलं होतं. माझ्या घरात रडायला आलेली माणसं अजून गेली नव्हती, आणि हा डबा घेऊन, चप्पल घालून कामावर गेला. माझी ताई तेव्हा म्हणाली होती, "काय काळजाचा माणूस आहे." मी म्हटलं होतं, काळीज कशावरून म्हणतेस?

१७ जुलै

पहिली तसबीर वर्गात नेली. उचलताना चित्रकार दारात येऊन उभा राहिला.

"कुठली नेतेस?"

"म्हातारी. हिरवं लुगडं."

"काय करणार तिचं?"

"इंग्रजी."

यावर हसला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "हात बघायला सांग त्यांना."

वर्गात दोन नियम केले. जे दिसतं तेच लिहायचं, जे वाटतं ते घरी ठेवून यायचं. आणि कुणी काही म्हटलं की बाकीच्यांनी विचारायचं: कशावरून?

"शी इज काइंड," एक जण म्हणाला. कशावरून? "म्हातारी आहे म्हणून." वर्गातल्या अर्ध्या मुलांनी आपापल्या आज्या आठवून निषेध नोंदवला.

२८ जुलै

रोज लिहायला सवड नाही आणि खरं सांगायचं तर इच्छाही नव्हती. मला मजा येतेय हे कागदावर उमटू नये असं वाटत होतं.

पण येतेय. 'ब्यूटिफुल' आणि 'काइंड' या दोन शब्दांना वर्गात बंदी आहे. आज एकाने लिहिलं, हर माउथ इज क्लोज्ड लाइक अ पर्स. हे गाइडमध्ये नाही, मी पडताळून बघितलं. एकीने लिहिलं की ही बाई फोटो काढताना कुणीतरी 'लवकर' म्हणत होतं. कशावरून? भुवया घाईत आहेत. व्याकरणाच्या चुका सतरा, पण भुवया घाईत आहेत हे मी पन्नास वर्षांत पाहिलं नव्हतं.

घरी आल्यावर राहवेना म्हणून चित्रकाराला सांगितलं. तो ऐकत होता. खिडकीकडे तोंड, कान माझ्याकडे.

"आणि हात?"

"हातांचं कुणी नाही लिहिलं. चेहरा समोर असताना हात कोण बघतो?"

तो उठून आत गेला. कलावंताचा अहंकार डोळ्यांबरोबर जात नाही असं दिसतं.

१२ ऑगस्ट

पालकसभा. चाळीसपैकी नऊ पालक आले आणि त्यातल्या पाच जणांनी मुलगा घरी कसा ऐकत नाही हे मला सांगितलं, जणू तो माझ्या घरी राहतो.

सहावी बाई आत आली ती थेट भिंतीशी गेली. हिरव्या लुगड्याची म्हातारी तिथेच टांगलेली आहे.

"अगं बाई, या तर आमच्या सासूबाई."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, तुम्ही नेली नाहीत म्हणून आणली, लगेच काढते.

"राहू द्या हो. आम्ही नेलीच नसती. हात बघा ना. आमच्या सासूबाईंनी जन्मभर लोकांची धुणी धुतली, बोटं ही एवढी जाड. आणि हे हात तर शाळकरी पोरीचे. तुमच्या मिस्टरांना म्हटलं, हात बदलून द्या. तर म्हणाले, हात बदलणार नाही. हवा तर चेहरा बदलून देतो."

आम्ही दोघी हसलो. मी जरा जास्त हसले. धंदा कसा बसला याचा इतका थोडक्यात खुलासा मला आजवर कुणी दिला नव्हता.

संध्याकाळी त्याला म्हटलं, "गिऱ्हाइकांनी नेल्या नाहीत, नेल्या नाहीत म्हणत होतास. हात चुकवत होतास म्हणून नेल्या नाहीत. फोटोत हात नसतात, कबूल. पण म्हातारीला म्हातारीचे हात काढता येत नव्हते?"

"येत होते."

"मग?"

"आधी तुझेच काढायचो. सगळ्या बायकांना तुझेच हात असायचे. तेव्हा नेत होते."

हे खरं आहे. लग्नानंतर कितीतरी वर्षं मी संध्याकाळी दुकानात वह्या तपासत बसायची आणि हा माझे हात उचलून कुणाच्या ना कुणाच्या मांडीवर ठेवायचा. मग ते बंद झालं. मीच दुकानात जायची बंद झाले.

"मग माझे का सोडलेस?"

त्याने रेडिओचं बटण चाचपलं. बातम्या लागल्या. देशाची परिस्थिती नेहमीप्रमाणे सुधारत होती.

२२ ऑगस्ट

ताईचा फोन. तिच्याकडची वरची खोली रंगवून झाली. सहामाही परीक्षा संपली की सुट्टीत माझं सामान कायमचं तिच्याकडे हलवायचं, तिकडच्या शाळेशी बोलणं झालंच आहे. "तू नुसती ये," ताई म्हणाली. "बारा वर्षं भिंतीशी संसार केलास तेवढा पुरे."

चित्रकाराला जेवताना सांगितलं. वाटलं होतं ताट सरकवेल, काहीतरी बोलेल. माझी भांडणाची तयारी इतकी जय्यत होती की काही वाक्यं मी वर्गावर जाताना पाठ केली होती.

तो म्हणाला, "बरं."

हात धुऊन आल्यावर म्हणाला, "जाण्याआधी चित्रं परत आण. सगळी."

नवरा-बायकोच्या तीस वर्षांची ही वाटणी. बायको गेली तर बरं, चित्रं मात्र मोजून पाहिजेत.

३० ऑगस्ट

पर्यवेक्षक वर्ग बघायला आले. मागे बसून लिहीत होते. निघताना विचारलं, "या पद्धतीला नाव काय?" म्हटलं, नाव नाही. फार वाईट वाटलं त्यांना. नाव नसेल तर अहवालात कुठल्या रकान्यात लिहायचं? मी म्हटलं, 'बघणे' असं लिहा. त्यांनी 'दृश्य साधनांचा वापर' असं लिहिलं. मुलांनी त्यांचं वर्णन लिहिलंय, ते मी जपून ठेवणार आहे.

६ सप्टेंबर

तुलना शिकवायची होती. ओल्ड, ओल्डर, ओल्डेस्ट. म्हणून घरातल्या बाकीच्या पुऱ्या तसबिरी रिक्षात घालून शाळेत नेल्या आणि फळ्याखाली ओळीने उभ्या केल्या. म्हटलं, यातली कोण जास्त थकलेली, कोण जास्त रागीट, कशावरून, लिहा.

मुलं जवळ येऊन बघायला लागली. कुणीतरी म्हणालं, "बाई, या सगळ्या अंगठा लपवतात."

"म्हणजे?"

"बघा ना. डावा अंगठा मुठीत. हिचा. हिचा पण. हिचा पण."

"एकाच दुकानातून हात आणलेत," मागून आवाज. वर्ग हसला. मीही हसले असेन.

वकीलबाई खाली बसली होती, नाक चित्राला लागेल इतकी जवळ. "बाई, करंगळी पण. सगळ्यांची डावी करंगळी टोकाला आत वळलीय. नखावर रेघ आहे." मग तिने एक चित्र उलटं केलं. चित्रकार पाठीमागे महिना आणि वर्ष लिहितो. ती चित्रं हलवायला लागली, ही इकडे, ती तिकडे. मी 'काय चाललंय' म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही.

"ओल्ड, ओल्डर, ओल्डेस्ट," ती म्हणाली. "पण चेहरे नाही बाई, हात. चेहरे कसेही आहेत, कुणी म्हातारी, कुणी तरुण. हात एकाच मुलीचे आहेत, आणि ती मोठी होत चाललीय."

"कशावरून?" मीच विचारलं. सवय.

"ही पहिली, हिरवं लुगडं. हात आमच्याएवढे आहेत. मधल्या बोटाला शाई आहे, शाळेत असेल. इथे बोटं लांब झाली. इथे नखं वाढवलीत, म्हणजे कॉलेज. इथे मनगटावर घड्याळाचा पट्टा बसल्याची खूण आहे. इथे नखं परत कापलीत, नोकरी लागली असेल. आणि इथे अंगठी."

"मग ती कोण?" कुणीतरी विचारलं.

वकीलबाईने माझ्याकडे बघितलं, मग चित्रांकडे. "ते दिसत नाही. जे दिसत नाही ते लिहायचं नाही ना, बाई?"

मी फळ्याकडे वळले. तारीख पुसली. पुन्हा लिहिली.

हिरव्या लुगड्याच्या मागे लिहिलेला महिना मी बघितला. बघायची गरज नव्हती. तो महिना मला झोपेत विचारला तरी सांगेन.

मिरी सहा वर्षांची असताना दुकानाच्या दारात तिची करंगळी सापडली होती. नख आलं, पण रेघ राहिली. आणि अंगठा मुठीत धरून झोपायची, जागी असताना सुद्धा, गणित अडलं की.

७ सप्टेंबर

शाळेत गेले नाही. चित्रं शाळेतच आहेत. चित्रकाराने एकदा विचारलं, "बरं नाही का?" मी म्हटलं, नाही.

ती अंगठी मागल्याच्या मागल्या वर्षीची आहे. म्हणजे लग्न ठरलं होतं तर. मला कुणी कळवलं नाही.

८ सप्टेंबर

आज रिक्षा करून चित्रं परत आणली. मिरीच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून आणखी एक आहे, ते मी आजवर उचललं नव्हतं, कारण अर्धवट आहे हे पाठीवरूनच कळत होतं. तेही बाहेर आणलं. सगळी त्याच्या खुर्चीसमोर लावली. ओळीने.

आवाजावरून त्याला समजलं असावं. मान वाकडी करून बघायला लागला.

"मोजलीस?"

"वर्गातल्या मुलीने लावून दिली. महिन्यांप्रमाणे."

मीच म्हटलं, "चौथ्या दिवशी दुकान उघडलंस."

"हो."

"का ते सांगितलं असतंस तर?"

"सकाळी उठलो," तो म्हणाला, "आणि करंगळी आत वळलेली होती की बाहेर, ते आठवेना. चौथ्याच दिवशी. म्हटलं, आज नाही काढली तर गेली. समोर त्या धोबिणीची ऑर्डर होती, तिच्यात काढून ठेवली."

"मला विचारायचं होतंस. मला माहीत होतं, आत."

"तुला काही विचारावं अशी तू नव्हतीस तेव्हा."

हे खरं आहे. अजूनही नाही. पण त्यावर काहीतरी टोचणारं बोलायला मी तोंड उघडलं आणि काही सुचलं नाही. या घरात असं पहिल्यांदा झालं.

"मग तिचीच तसबीर का नाही काढलीस? लोकांच्या सासवांना कशाला तिचे हात?"

"काढायचो. चेहरा चौदाच्या पुढे सरकेना. कितीदा काढून पुसला. हात सरकत गेले." पुढे म्हणाला, "दर वर्षी वाटायचं, बाईचं काम आलं की तिचे हात एकदा काढतो. काढायला घेतले की तिचं आता वय काय ते समजायचं."

मग मला म्हणाला, "वाच ना."

"काय वाचू?"

"वर्गात करता तसं. मला हे मधलं दिसत नाही. काय काढलंय ते विसरायला लागलोय."

मी खाली सतरंजीवर बसले आणि हिरव्या लुगड्यापासून सुरुवात केली. जे दिसतं तेच. डावा हात उजव्यावर. मधल्या बोटावर शाई, निळी. करंगळी आत. तो मध्ये मध्ये दुरुस्त करत होता. "तिथे नखाचा टवका उडालेला आहे बघ, खाल्लं होतं तिने." मी म्हटलं, अकरावीत गेल्यावर तरी सोडायला हवं होतं. तो म्हणाला, "पुढच्यात सोडलंय." खरंच सोडलं होतं. पुढच्यात मनगटाजवळ भाजल्याची लहान खूण होती. "हे कशाने?" "चहा करायला शिकली." "मला नाही कधी करून दिला तिने." "मला दिला," तो म्हणाला. "पाणचट होता."

अंगठीपाशी मी थांबले. विचारलं, "मुलगा कसा आहे?"

"मला पसंत नव्हता," तो म्हणाला. "पण तिचं ठरलं होतं."

मग मला नीट वाचता येईना. बारा वर्षांत पहिल्यांदा मी त्याच्यासमोर रडले, आणि त्याला माझा चेहरा दिसत नव्हता, म्हणून आवाज काढावा लागला. त्याने हात पुढे केला तो आधी चित्राला लागला, मग मला. त्याचाही चेहरा ओला होता. कशावरून? दिसत होतं.

मध्ये फोन वाजला. ताई होती. म्हटलं, वाचन चाललंय, मग बोलते. "कसलं वाचन?" म्हटलं, मोठं आहे, इतक्यात संपणार नाही, खोली दुसऱ्या कुणाला दिलीस तरी चालेल. ताई पुढे काय म्हणाली ते ऐकलं नाही.

शेवटी ते अर्धवट चित्र राहिलं. हात पूर्ण आहेत. सव्वीस वर्षांच्या बाईचे हात. अंगठी आहे. अंगठा मात्र मुठीत नाही. दोन्ही तळवे उघडे, मांडीवर सैल. वरती चेहऱ्याच्या जागी नुसता कोरा कॅनव्हास.

मी हात तेवढे सांगितले.

"चेहरा?" त्याने विचारलं.

"चेहरा नाहीये तिथे."

"माहीत आहे. मीच ठेवलाय तसा. तू सांग."

जे दिसतं तेच लिहायचं, हा माझा नियम. चाळीस मुलांच्या डोक्यात मी तो दोन महिने ठोकून बसवला आहे.

मी सांगायला लागले. गाल भरले आहेत, लहानपणी नव्हते. केस कापलेत, मला न विचारता. भुवया जवळ आल्यात, म्हणजे काहीतरी उलट बोलणार आहे. डोळे माझे. कपाळ तुझं. डाव्या डोळ्याखाली तीळ आहे, तो तसाच.

"आणि नाक?" तो म्हणाला. "नाक माझं नको देऊ तिला."

"तुझंच आहे," मी म्हटलं. "तिला आवडत नाही. पण बदलून मिळणार नाही."